खांबावरची खूण

माझा एक पुतण्या अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात राहतो. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, तोच मुळी जमिनीखालून. म्हणजे अक्षरशः जमिनीखालून. गॅरेजच्या फरशीत एक लोखंडी खोका बसवलेला असतो, त्यात तो, त्याची बायको आणि दोन पोरं उकिडवी बसली होती. बाहेर भोंगे वाजत होते. त्या भागात चक्री वादळं नेहमीची, २० मे २०१३ ला त्यांच्या जवळच्या मूर गावात असंच एक वादळ आलं आणि २४ माणसं गेली, हे सगळं तो मला इतक्या सहजपणे सांगत होता की जणू लोडशेडिंगबद्दल बोलतोय. भोंगा वाजला की हातात दहा-पंधरा मिनिटं असतात म्हणे. मग वादळ येतं आणि घर उचलून नेतं. त्या दिवशी ते दुसरीकडेच वळलं, देवाची कृपा.

फोन ठेवताना त्याने सहज विचारलं, "काका, आपला गंगेवरचा वाडा पण गेला होता ना? त्याला किती वेळ लागला होता?"

मी म्हटलं, "तीन दिवस."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. पण उत्तर खरंच तेच आहे. आमचा वाडा पुरात पडला असं आम्ही सगळे सांगतो, पण तो पुरात पडला नाही. पूर ओसरल्यावर पडला. आणि या दोन वाक्यांत जो फरक आहे त्यात आमच्या घरातली अकरा माणसं मेली असती किंवा वाचली असती. वाचली, म्हणून हे लिहितोय.

तर गोष्ट सप्टेंबर १९६९ ची. मी तेव्हा आठ वर्षांचा. (पानशेत फुटलं त्या सालचा माझा जन्म. आमच्या घरात वय असंच मोजायचे.) पण आधी जुन्या नाशिकची थोडी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पाणी कुठून कुठे आलं ते कळायचं नाही.

नाशिक हे टेकांचं गाव. टेक म्हणजे टेकाड. नऊ टेकड्यांवर वसलेलं म्हणून नवशिख, त्यावरून नाशिक, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट तर सगळ्यांनाच माहीत आहे. खरं-खोटं रामाला ठाऊक, पण टेकड्या मात्र खऱ्या आहेत. जुनी गढी, जोगवाडा, म्हसरूळ टेक, चित्रघंटा... या भागांतून चालताना अजूनही चढ-उतार पायाला जाणवतात. ज्यांची घरं टेकावर त्यांना गंगेच्या पुराची भीती नाही. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे रामकुंडावर.) पण बाजार मात्र खाली. भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल, हे सगळं सखल भागात. घाटावर यात्रेकरू उतरणार, त्यांच्यासाठी दुकानं घाटाजवळच असणार, हे ओघानेच आलं. पोटापाण्यासाठी माणूस पाण्याजवळ राहतो, आणि मग पाणी त्याच्याकडे येतं.

आमचा वाडा भांडी बाजाराच्या मागे गंगेकडे उतरणाऱ्या एका बोळात होता. फार मोठा नव्हे, एकचौकी. दिंडी दरवाजा, आत चौक, तिन्ही बाजूंना ओसरी, वर एक मजला. चार फूट काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब आणि भिंती विटांच्या. पण विटा जोडलेल्या पांढऱ्या मातीने, चुन्याने नव्हे. बाहेरून चुन्याचा गिलावा, त्यामुळे बघणाऱ्याला पक्कं बांधकाम वाटायचं. या गिलाव्याने किती जणांना फसवलं असेल कोण जाणे!

ओसरीच्या पहिल्या खांबावर, फरशीपासून साधारण हातभर उंचीवर, एक आडवी खाच होती आणि तिच्यावर दोन उभ्या रेघा. ती पुराची खूण. अण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, आजोबांच्या काळी पूर आला होता, तेव्हा पाणी इथपर्यंत चढलं आणि थांबलं, असं अण्णा सांगायचे. दर पावसाळ्यात गंगेला पहिला पूर आला की आजी घाटावर जाऊन गंगेची ओटी भरायची आणि घरी आल्यावर त्या खाचेला हळद-कुंकू लावायची. आम्हा पोरांना ती खूण म्हणजे देवघरातल्या टाकासारखीच वाटायची.

गावात पूर मोजायची साधनं ठरलेली होती आणि अजूनही तीच आहेत. गंगेच्या पात्रात दोन तोंडांचा उभा मारुती आहे. दुतोंड्या मारुती. त्याच्या पायाला पाणी लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला, गळ्याला. आज वर्तमानपत्रंसुद्धा क्युसेकचे आकडे आत देतात आणि पहिल्या पानावर मारुतीचा फोटो छापतात. मारुती बुडाला की पुढचं माप नारोशंकराची घंटा. पंचवटीच्या बाजूला, काठावर, नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलेलं रामेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवरची ती भलीमोठी घंटा मूळची पोर्तुगीजांची, १७२१ साली ओतलेली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली त्या विजयाची निशाणी म्हणून ती इथे आली. चर्चमध्ये वाजायची ती घंटा महादेवाच्या दारात आली आणि गावाने तिला पूरमापक करून टाकलं! घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. त्याच्या पुढे माप नाही, कारण त्याच्या पुढे मोजायला कुणी घाटाकडे थांबत नाही.

म्हणजे बघा, गावाची मापं दोन, मारुती आणि घंटा. आणि आमच्या घराचं खासगी माप एक, खांबावरची खूण.

नाशिकच्या पुराचा एक विचित्रपणा असा की तो नाशिकच्या पावसाने येत नाही. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पण तिथून तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी, सह्याद्रीची मुख्य रांग. तिकडे त्याच्या तिप्पट-चौपट कोसळतो. गावात भुरभुर चालू असते, कधी कधी चक्क ऊन पडलेलं असतं, आणि गंगा मात्र लाल-तपकिरी होऊन फुगत चाललेली असते. नवख्या माणसाचा यावर विश्वासच बसत नाही. मध्ये गंगापूर धरण आहे. मातीचं धरण, १९६५ मध्ये पूर्ण झालं. धरण झाल्यावर गावात एक निर्धास्तपणा आला होता, असं माझे वडील सांगायचे. "आता काय, नळ बंद केल्यासारखा पूर बंद." पण धरण ही बादली असते, नळ नव्हे. भरली की वरून येईल तेवढं खाली सोडावंच लागतं. सप्टेंबरात, पावसाळा संपत येताना, बादली भरलेलीच असते. आज वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी ही धरणंही आहेत, तेव्हा ती नव्हती.

त्या दिवशी दुपारी मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, असं सांगत माझा धाकटा काका घरी आला. हा काका ओझरला मिगच्या कारखान्यात नोकरीला होता, त्यामुळे घरात त्याच्या शब्दाला शास्त्राचं वजन! त्याचं म्हणणं, सामान वरच्या मजल्यावर न्यायला घेऊ. अण्णा म्हणाले, "खुणेच्या वर पाणी जायचं नाही. पहिल्या फळीवर ठेवा सगळं, पुरे."

हे त्यांनी फक्त घरच्यांना सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण चौकाच्या पलीकडच्या दोन खोल्यांत आमचं एक बिऱ्हाड होतं. शिवणकाम करायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत. नवरा-बायको, तीन मुली. सणासुदीचे दिवस जवळ आलेले, मास्तरांकडे गिऱ्हाइकांच्या कापडाचे गठ्ठे पडलेले. मास्तरांनी येऊन विचारलं, "अण्णासाहेब, मशीन वर नेऊ का? जिना अरुंद आहे, चौघं लागतील." अण्णांनी त्यांना ओसरीत बोलावून खांब दाखवला. मला हे स्पष्ट आठवतं, कारण मी त्याच खांबाला टेकून उभा होतो. अण्णांनी खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तीन पिढ्यांत याच्या वर आलं नाही. टेबलावर ठेवा मशीन, भिऊ नका."

मास्तरांनी मशीन टेबलावर ठेवलं. कापडाचे गठ्ठे भिंतीतल्या फडताळात, छातीएवढ्या उंचीवर.

संध्याकाळी पाणी बोळात शिरलं. ते घाटाकडून चढत येईल असं आम्हाला वाटत होतं, पण आलं ते मागून, बाजाराच्या बाजूने! जुन्या नाशिकची आणखी एक खोड. गावातून सरस्वती नावाचा एक ओहोळ वाहतो, आता तो बहुतेक झाकलेला आहे. गंगा फुगली की त्याचं पाणी नदीत जाऊ शकत नाही, उलट नदीच त्याच्यातून उलटी आत येते. म्हणून सराफ बाजारात आणि दहीपुलाकडे पाणी कधी कधी अशा जागी उगवतं की जिथून गंगा दिसतही नाही. आजही हेच होतं.

दिवेलागणीला पाणी जोत्याला लागलं. मग दिवे गेले. मला वाटलं होतं पूर म्हणजे लाटा, गर्जना, सिनेमात दाखवतात तसं काहीतरी. चौकातलं पाणी मात्र अगदी शांत होतं. कंदिलाच्या उजेडात त्यावर तुळशीच्या मंजिऱ्या, पाट, एक चप्पल गोल गोल फिरत होती. फक्त लांबून, नदीच्या बाजूने, गिरणी चालू असल्यासारखी एकसारखी घरघर. आजीने मला घट्ट धरून ठेवलं होतं आणि आम्ही सगळे त्या खांबाकडे बघत होतो. पाणी ओसरीवर चढलं. खुणेच्या चार बोटं खाली आलं. मग दोन बोटं. मग आजीचं कुंकू पाण्यात विरघळलं आणि एक लालसर रेघ निघून गेली.

अण्णा काही बोलले नाहीत. काका म्हणाला, "वर चला."

वर गेल्यावरही रात्रभर पाणी वाढतच होतं. खालून एकेक वस्तू आपटल्याचे आवाज यायचे, आणि माझी आई त्या आवाजांवरून ओळखायची, हा हंडा, हे घंगाळ, ही डब्यांची मांडणी. मध्येच बोळात कुणीतरी ओरडत गेलं, "धरण फुटलं!" धरण फुटलेलं नव्हतं. पण पानशेतला जेमतेम आठ वर्षं झालेली, तेही मातीचंच धरण, त्यामुळे तो शब्द ऐकून माणसं जागच्या जागी गोठली. पुण्यात १२ जुलै १९६१ ला काय झालं ते घराघरात माहीत होतं. काकाने क्षणाचाही विचार न करता माडीच्या मागच्या खिडकीचे गज उचकटले. मागचा वाडा चढावर, त्याचा सज्जा आमच्या खिडकीपासून पाच-सहा फुटांवर. मधे खाली काळं पाणी. दोन्ही वाड्यांच्या मधे त्याने पाळण्याची फळी आणि एक दार टाकलं, आणि आम्ही एकेक करून त्याच्यावरून रांगत पलीकडे गेलो. अकरा आम्ही, पाच मास्तरांकडचे. आजी शेवटून दुसरी. अण्णा शेवटचे. त्यांच्या हातात काय होतं माहितीये? पंचांग. बाकी काहीच नाही.

तिथून अंधारात चढ चढून म्हसरूळ टेकावर आजीच्या भाच्याकडे. तिथे जमीन कोरडी होती. त्या कोरड्या जमिनीचं मला अजून आश्चर्य वाटतं. आमचं घर बुडालंय आणि इथे दहा मिनिटांवर लोक अंथरुणं घालून झोपलेत!

पाणी कुठवर आलं होतं ते नंतर ऐकलं. घंटेला लागलं. सरकारवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत आलं, असं जुनी माणसं सांगतात. त्यापुढे नाशिकमध्ये कुठलाही पूर आला की एकच प्रश्न, "एकोणसत्तरच्या एवढा का?"

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाणी उतरलं. आम्ही वाड्यात गेलो, तर वाडा उभा! मजेत उभा! खाली वीतभर गाळ, भिंतीवर पुरुषभर उंचीवर सरळ रेषा, तिच्या खाली सगळं तपकिरी आणि वर चुन्याचं पांढरं. पण भिंती जागच्या जागी. अण्णांच्या चेहऱ्यावर रात्रीनंतर पहिल्यांदा थोडी तरतरी आली. "वाडा भक्कम आहे," म्हणाले. मग काय, घरातले सगळे कामाला लागले. फावडी, घमेली, पाट्या. मास्तर त्यांच्या खोलीत कापडाचे गठ्ठे पिळत होते. मशीन उलटं पडलं होतं, चाकात गाळ. तो दिवस आणि दुसरा दिवस आम्ही गाळ काढला. माणसं झोपायला टेकावर, पण तिसऱ्या दिवशी अण्णांनी ठरवलं की आज रात्री आपल्याच घरी झोपायचं. लोकांच्या घरी किती दिवस राहणार? वरचा मजला तर कोरडाच आहे.

इथे आजी मध्ये पडली.

झालं असं की संध्याकाळी ती माजघराचं दार लावायला गेली आणि दार लागेना. ते दार ती पन्नास वर्षं लावत होती. लाकूड फुगलं असेल, असं आई म्हणाली. आजीने दार वर-खाली नीट पाहिलं. खाली व्यवस्थित बसत होतं, वरच्या कोपऱ्यात मात्र बोटभर फट आणि दुसऱ्या कोपऱ्यात घट्ट अडकलेलं. म्हणजे दार फुगलं नव्हतं, चौकट कलली होती. मग तिने भिंतीला हात लावला, आणि गिलाव्याच्या फटीतून बारीक ओली माती तिच्या हातावर झिरपली. पीठ चाळणीतून पडावं तशी.

आजीची धाकटी बहीण पुण्याला शनिवार पेठेत राहायची. पानशेतच्या वेळी त्यांचा वाडा पुरात टिकला आणि पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी बसला. बसला म्हणजे खाली बसला. तिने आजीला तेव्हाच सांगून ठेवलेलं होतं की पाणी असतं तोवर पाणीच भिंतीला दोन्हीकडून धरून असतं, ते गेलं की भिंत एकटी पडते. नंतर मी एका इंजिनिअर मित्राला हे सांगितलं, तो म्हणाला अगदी बरोबर आहे. माती भिजून तिचं वजन वाढतं आणि ताकद जाते, आणि बाहेरच्या पाण्याचा आधारही निघून जातो. पण आजीने हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिला बहिणीने सांगितलं होतं, बस्स.

ती चौकात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सगळे बाहेर. आत्ता. हातातलं टाका."

अण्णा म्हणाले, "अहो, काहीतरीच काय..."

आजीने आयुष्यात अण्णांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. ती म्हणाली, "तुमच्या खांबाचं ऐकलं. आता माझ्या दाराचं ऐका."

आम्ही बाहेर पडलो. मास्तर त्यांचं मशीन सोडून यायला तयार नव्हते, त्यांना काकाने दंडाला धरून ओढून आणलं. बोळाच्या वरच्या टोकाला आम्ही उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. शेजारचे येऊन विचारायला लागले, अण्णा अस्वस्थ होऊन फेऱ्या मारायला लागले, मला भूक लागली. आई तर परत जाऊन भाकरीचं पीठ आणते म्हणाली, आजीने तिचा पदर धरून ठेवला. अंधार पडता पडता एक आवाज आला. पोतं टाकल्यासारखा, जड, एकदाच. मग धुळीऐवजी ओल्या मातीचा वास. मागची भिंत गेली, तिच्यावरचा मजला तिच्यावर आला, आणि मग बाजूची. उरलेलं रात्रभर थोडं थोडं पडत राहिलं.

सकाळी पाहिलं तर दगडी जोतं आणि त्यावर खांब. भिंती नाहीत, छपराचा सांगाडा कसाबसा लटकलेला, आणि ओसरीचे खांब तसेच सरळ उभे. ती खूण असलेलासुद्धा.

त्यानंतरचं सगळं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं फार नाही. वाडा परत बांधायला पैसा नव्हता. मोठे काका पंडित कॉलनीत भाड्याने गेले, आम्ही नाशिकरोडला, धाकटा काका ओझरला. तीन चुली झाल्या त्या परत एक झाल्या नाहीत. जागा पुढे विकली गेली. एकत्र कुटुंबं का मोडली यावर विद्वान लोक बरंच लिहितात, शिक्षण, नोकऱ्या, सुनांचे स्वभाव वगैरे. आमचं पांढऱ्या मातीमुळे मोडलं.

मास्तरांनी गिऱ्हाइकांच्या कापडाची भरपाई कशी केली कोण जाणे. अण्णांना ते एक शब्दही बोलले नाहीत. महिनाभराने निरोप घ्यायला आले, सासुरवाडीकडे जातो म्हणाले, अण्णांच्या पाया पडले. अण्णांनी त्यांच्या हातात एक पाकीट ठेवलं, ते त्यांनी परत केलं. मग ते कुटुंब आम्हाला कधी दिसलं नाही. अण्णा १९७४ मध्ये गेले. पुराबद्दल त्यांच्यासमोर कुणी बोलायचं नाही, असा घरात न सांगता नियम होता.

मग १९ सप्टेंबर २००८. पितृपक्ष चालू होता, रामकुंडावर श्राद्धाला आलेल्यांची गर्दी, आणि धरणातून चाळीस हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं. क्युसेक म्हणजे काय ते मला तेव्हा काकाने समजावलं. सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. चाळीस हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे शंभरावर टँकर दर सेकंदाला तुमच्या दारात रिकामे होताहेत. सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात. मारुती दिसेनासा. त्यानंतर नदीकाठी पूररेषा आखल्या गेल्या, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. म्हणजे खांबावरच्या खुणाच, फक्त नकाशावर. पुढे २ ऑगस्ट २०१६ ला पूर आला (त्याच रात्री तिकडे महाडला सावित्रीवरचा पूल गेला), ऑगस्ट २०१९ मध्ये परत. पूर काही रेषा वाचून येत नाही.

२००८ चा पूर ओसरल्यावर मी आणि धाकटा काका, तो तेव्हा सत्तरीला टेकलेला, जुन्या बोळात गेलो. आमच्या वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे, खाली दुकानं. दुकानदार गाळ उपसत होते, अगदी आमच्यासारखेच. काका त्या इमारतीच्या भिंतीवरची पाण्याची रेघ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "तुला एक सांगू? ती खूण आपली नव्हतीच."

मला कळेना.

त्याने सांगितलं ते असं. वाडा पडल्यावर लाकूड विकायचं ठरलं. सागवान, त्याला चांगला भाव येणार. सुतार आला, त्याने खांब उतरवले, आणि खुणेचा खांब आडवा पाडून बघताना म्हणाला, हा इथला नाही. त्या खांबाला दोन बाजूंना अशा जागी खाचा होत्या की जिथे आमच्या वाड्यात कुठली तुळई येतच नव्हती. त्या लाकडाचे तुकडे ठोकून बुजवलेल्या, वरून रंग. आणि बुंधा कापलेला, हातभर तरी. म्हणजे आमचा वाडा बांधताना कुणीतरी दुसऱ्या जुन्या वाड्याचा खांब विकत घेऊन इथे लावला होता. जुन्या वाड्यांत हे सर्रास चालायचं, चांगलं लाकूड कोण टाकून देतो? ती खाच पुराची असेलही. पण ती कुठल्या वाड्यातली, कुठल्या बोळातली, तो वाडा गंगेपासून किती उंचावर होता, आणि खालून कापण्याआधी ती खूण फरशीपासून किती वर होती, हे कुणालाच ठाऊक नाही. कदाचित सुताराने हिशेबासाठी केलेली साधी खूणही असेल.

"अण्णांना कळलं हे?" मी विचारलं.

"अण्णा तिथेच उभे होते."

मी इतिहास वाचणारा माणूस आहे. शिलालेख, ताम्रपट, घंटेवरचं साल, असं काही दिसलं की मी हुरळतो. घंटेवर १७२१ कोरलंय म्हणून देऊळ १७२१ चं म्हणता येत नाही, घंटा वसईहून आली आहे, हे मी लोकांना तावातावाने समजावलेलं आहे. आणि आमच्याच ओसरीतल्या खांबाला हा प्रश्न तीन पिढ्यांत कुणी विचारला नाही, मी तर नाहीच.

काका पुढे म्हणाला, चांदोरीकडचा एक शेतकरी ते खांब घ्यायला आला होता, घर बांधत होता. चांदोरी म्हणजे निफाड तालुक्यात, गंगेच्याच काठावर. नाशिकला पूर आला की चांदोरी-सायखेड्याला येतोच. सौदा ठरला, बैलगाडी दारात उभी राहिली. तेव्हा अण्णांनी सुताराला थांबवलं आणि त्या खांबावरून रंधा मारायला सांगितला, खाच पूर्ण जाईपर्यंत. सुतार म्हणाला, "कशाला, खांब बारीक होईल, गिऱ्हाईक पैसे कापेल." शेतकऱ्याने खरंच पैसे कापले. अण्णा तिथे जोत्याच्या दगडावर बसून राहिले, आणि खाच गेल्यावर त्यांनी त्या जागेवरून एकदा हात फिरवून पाहिला.